नवारीचा पट्टा

आमच्या घरी मोटार आली ती पडदे घेऊनच. मोटार मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका जिनिंग फॅक्टरीच्या गोऱ्या साहेबाकडून घेतली. साहेब विलायतेला परत चालला होता. पडदे सासूबाईंनी शिवून घेतले. जाड, गडद तांबडे, वरून पितळी कड्या. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी गावच्या पुरुषांनी तिचे दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला. मी फक्त पडदे पाहिले, तेही आतल्या बाजूने.

आमचं गाव धाड या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, चढावर. घर देशमुखांचं, आणि देशमुखांच्या घरात तेव्हा बायकांना गोषा होता. परक्या पुरुषापुढे यायचं नाही, बोलायचं नाही, आवाजसुद्धा ओसरीपर्यंत जाऊ द्यायचा नाही. मी बुलडाण्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी. आम्हीही देशमुखच, पण नोकरीचे, मोकळे. वडिलांबरोबर बाजारात जाऊन भाजी घासाघीस करून घेणारी मी, लग्न होऊन या घरात आले आणि तोंडाला कुलूप लागलं. नवरा नागपूरला वकिली शिकत होता. सुटीत आला की नागपूरच्या गमती सांगायचा. मी ऐकायची आणि मनातल्या मनात जळायची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मामाजी लोकल बोर्डावर होते आणि नागपूरच्या साहेबांच्या गोष्टी जेवताना मोठ्यांदा सांगायचे. माझं नागपूर, माझं बोर्ड, माझी कचेरी म्हणजे स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि परसदार.

त्या सगळ्यात एक फट होती. महिन्यातून एक दिवस मोटार बुलडाण्याला जायची. मामाजींचं कचेरीचं काम, आणि त्या निमित्ताने सुनेला अर्धा दिवस माहेर. वडिलांची नजर गेली होती. मी गेले की त्यांना महिन्याभराची वर्तमानपत्रं वाचून दाखवायची. सकाळी तांबड्या पडद्यांत शिरायचं, बुलडाण्याला वडिलांच्या दारात उतरायचं, संध्याकाळी पुन्हा पडद्यांत. त्या एका दिवसावर मी बाकीचे एकोणतीस काढायची.

गाडी चालवणारा पूर्वी आमचाच गाडीवान होता. खिल्लारी जोडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून मामाजींनी त्यालाच साहेबाच्या ड्रायव्हरकडे महिनाभर शिकायला ठेवलं. शिकला. पण सवय गेली नाही. चढ आला की तो मोटारीलाही जिभेने टकटक करायचा. पडद्याआड मला ते ऐकू यायचं आणि हसू दाबावं लागायचं. बायको आणि दोन मुली घेऊन तो आमच्याच गोठ्यालगतच्या खोलीत राहायचा. त्याचं घर, त्याची भाकरी, त्याची अब्रू, सगळं आमच्या दाराशी बांधलेलं होतं. तसं पाहिलं तर माझंही होतं.

त्या मोटारीचं एक वेगळंच तंत्र होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हल्लीसारखा दांडा ओढून गिअर टाकायची भानगड तिच्यात नव्हती. पायाखाली तीन पेडल, आम्ही त्यांना पट्ट्या म्हणायचो. डावी दाबली की गाडी पुढे निघायची, वेग आला की ती सोडून द्यायची; मधली दाबली की मागे, उजवी दाबली की थांबायची. आत एका बंद पेटीत तेलात बुडालेली तीन गोल पिंपं फिरत असत आणि प्रत्येकाभोवती एक लोखंडी पट्टा. पायाने दाबलं की तो पट्टा पिंपाला आवळायचा आणि गाडी आपणहून धरायची. लोखंडाने लोखंड घासू नये म्हणून पट्ट्याला आतून सुती विणीचं अस्तर लावलेलं असायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. मामाजी ओसरीवर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे आणि मी आत तांदूळ निवडत ऐकायची. पाहुणे विसरले असतील, मी नाही विसरले.

तर पुढे जायच्या पट्ट्याचं अस्तर झिजलं. मामाजींनी ड्रायव्हरला अकोल्याला पाठवलं. तिथे दुकानदार म्हणाला, हे मॉडेल जुनं, याचं सामान आता येत नाही. ड्रायव्हर हात हलवत परत आला आणि म्हणाला, "मालक, साहेबाचा डायवर म्हने का अडचनीत पलंगाच्या नवारीचाबी पट्टा चालते. दुहेरी शिवून तेलात भिजवला का झालं."

"मंग लाव," मामाजी म्हणाले. "मले पुढच्या आठोड्यात बुलढान्याले जाच हाय."

त्यांना जायचं होतं, म्हणजे मलाही जायचं होतं. मी कान टवकारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. घरातली म्हातारी मोलकरीण, सगळ्यांची आजी, जिच्या तोंडून मी बाहेरच्या माणसांशी बोलायची, ती नदीवर धुणं घेऊन गेली होती. परसदाराची कडी वाजली. मी दाराआड उभी राहिले.

"आजी हाय का?" ड्रायव्हरचा आवाज.

आता गप्प राहायला हवं होतं. तो थोडा वेळ थांबून गेला असता, संध्याकाळी पुन्हा आला असता. पण बुलडाणा माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी मुळातच उतावळी. म्हणाले, "नाही. काय हवंय?"

दाराबाहेर वहाणा दोन पावलं मागे सरकल्या. मग तो खाली मान घालून बोलला असावा, कारण आवाज जमिनीकडून आला. "बाईसाहेब, थोडी नवार पाह्यजे होती. चार-पाच हात. जुनी. धून धून मऊ झालेली असन तं लय चांगलं."

मी कोठीत गेले. एका कोपऱ्यात उकललेल्या पलंगाची जुनी नवार होती, पिवळट, कडा उसवलेली. तिच्याकडे हात गेला आणि थांबला. या घरात आल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती: देशमुखांच्या दारी मागायला आलेल्याला जुनं द्यायचं नाही. फाटकं, वापरलेलं, शिळं आपल्या हातून बाहेर गेलं की गावभर घराण्याला नावं ठेवली जातात. पहिल्याच वर्षी मी एका बाईला माझं जुनं लुगडं दिलं म्हणून सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. वरच्या फळीवर नवं भेंडोळं होतं. नणंदेच्या लग्नात आंदण द्यायच्या पलंगासाठी मुद्दाम विणून घेतलेली नवार. निळ्या काठाची, घट्ट विणीची, दाट खळ देऊन वर मेणाचा हात फिरवलेली. बोटाने वाजवली तर टणटण वाजावी अशी. भेंडोळं मोठं होतं. पाच हात गेले तर कोणाला कळणार आहे? मी कात्री घेतली.

दाराच्या फटीतून हात बाहेर काढून दिली. तो क्षणभर घेईचना.

"बाईसाहेब, हे तं कोरी हाय. जुनीच पाह्यजे होती."

"या घरातून जुनं देत नाहीत," मी म्हणाले, आणि माझा स्वतःचाच आवाज मला सासूबाईंसारखा वाटला. "घेऊन जा."

तो काय वाद घालणार? ज्या बाईचा आवाजही ऐकायचा नाही तिच्याशी माणूस हुज्जत कशी घालील? नवार त्याने घेतली. मी कडी लावली. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. चार वर्षांत मी पहिल्यांदाच परक्या माणसाशी स्वतःच्या तोंडाने बोलले होते.

पट्टा बसला. आम्ही बुलडाण्याला निघालो. आणि त्याच दिवशी गाडी लटकायला लागली.

लटकायला म्हणजे असं. पूर्वी ड्रायव्हरने डावी पट्टी दाबली की मी मनात 'एक' म्हणायच्या आत गाडी निघायची. आता तो दाबायचा, इंजिन ओरडायचं, सगळी गाडी थरथरायची आणि जागची हलायची नाही. एक, दोन, तीन. मग कुठे झटका बसून ती पुढे जायची, आणि माझं डोकं मागच्या पाठीवर आपटायचं. एकदा चालायला लागली की मग काही तक्रार नव्हती, पळायची. पण थांबली, की पुन्हा निघताना तेच. पडद्याआड मला करायला दुसरं काय होतं? रस्ता दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. मी मोजत बसले. जाताना तीन. बुलडाण्याच्या वेशीपाशी चार. येताना धाडच्या अलीकडे पाच. वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना सुद्धा माझं अर्धं लक्ष त्या पाचांत होतं, कारण गाडी बसली तर माझा महिन्याचा दिवसही बसला, हे मला कळत होतं.

ड्रायव्हर रोज गाडीखाली शिरायचा. एक दिवस म्हणाला तेल जाड झालं, तेल बदललं. मी माजघराच्या जाळीतून कान लावून मोजलं. चार. मग त्याने पट्ट्याचा स्क्रू आवळला. आता निराळाच ताप झाला. पाय उचलून गाडी नुसती उभी ठेवली तरी ती हळूच पुढे सरकायची. बैलांच्या पाण्याच्या कुंडीला जाऊन टेकली. म्हणजे धरायचं नाही तेव्हा धरत होती, आणि धरायचं तेव्हा घसरत होती. मामाजी चिडले. "तुले मोटार शिकवली का बैल बांधाले शिकवलं बे?" ओसरीवरची माणसं हसली. मी जाळीमागे ओठ चावला.

पुढचा सोमवार सगळ्यांनाच महागात पडला. मामाजी धाडला एका बैठकीला गेले होते, आणि सासूबाई व मी तिथे एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला. परतताना बाजार भरलेला. बाजाराच्या टोकापासूनच आमचा चढ सुरू होतो. गाडी चढाच्या पायथ्याशी एका बैलगाडीसाठी थांबली, ती थांबलीच. ड्रायव्हरने पट्टी दाबली. इंजिन बोंबललं. मी मोजत होते: पाच, सहा, सात. नऊ झाले आणि गाडी उलट मागे घरंगळायला लागली. बाहेर हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "बैल जुंपा, बैल!"

मग ड्रायव्हरने जे केलं त्याला डोकं लागतं. बाजारातल्या मोकळ्या जागेत त्याने गाडी कशीबशी वळवली, तिची पाठ चढाकडे केली, आणि मधली पट्टी दाबली. 'एक' म्हणायच्या आत गाडीने धरलं. ती पाठमोरी, सरळ, एकदाही न अडखळता चढ चढून गेली. धाडच्या भर बाजारातून, भाजीवाल्यांच्या, बांगडीवाल्यांच्या आणि शंभर ओळखीच्या माणसांच्या समोर देशमुखांची मोटार ढुंगण पुढे करून घरी निघाली होती. पुढच्या बाकावर मामाजी ताठ बसले असणार, तोंड बाजाराकडे. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून डोळे मिटले होते. आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. कारण मला दुखणं सापडलं होतं.

मागे जाताना लगेच धरते, पुढे जातानाच लटकते. इंजिन तेच, तेल तेच. म्हणजे तेलाचा दोष नाही, इंजिनाचा नाही. मागचा पट्टा जुना, त्याला कोणी हात लावला नाही. बदललाय तो फक्त पुढचा. दुखणं त्याच पट्ट्यात. स्क्रू आवळून काही होणार नाही, पेटीचं झाकण उघडून पट्टा बाहेर काढून पाहायला हवा.

घरी आल्याबरोबर मी म्हातारीला परसात गाठलं आणि सगळं नीट समजावलं. म्हटलं, ड्रायव्हरला जाऊन सांग.

"तुमाले काय करा लागते बाई मोटारीचं?" ती म्हणाली. "मालक त्याले आज झोडपनार हायेत."

"म्हणूनच सांग. झाकण उघडायला सांग."

तिने सांगितलं. ड्रायव्हरने मामाजींची परवानगी मागितली. मामाजींनी दात खाऊन होकार दिला, आणि वर हेही सांगितलं, की उद्या गाडी नीट झाली नाही तर गाडी विकीन आणि तू तुझं बिऱ्हाड उचल. त्या रात्री मला छान झोप लागली. माझ्या हुशारीवर माझा फार विश्वास होता. नवारीत काही वाईट असेल हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. घरातली सगळ्यात चांगली, कोरी नवार मी दिली होती ना! मला वाटत होतं, खिळा निघाला असेल, शिवण उसवली असेल.

सकाळी अंगणात घोंगडी अंथरून त्यावर पेटीचं झाकण काढून ठेवलं. ड्रायव्हर कोपरापर्यंत तेलात. मामाजी ओसरीवर, सोबत गावचे दोघे-चौघे. मी आणि सासूबाई माजघराच्या जाळीमागे. पट्टा बाहेर निघाला. ड्रायव्हरने तो चिंधीने पुसला आणि नवारीचं टोक कापून उलगडून पाहिलं. आठ-दहा दिवस तेलात बुडालेली ती नवार वरून काचेसारखी गुळगुळीत झाली होती, आणि कापलेल्या जागी आतून पांढरी शुभ्र, कोरडी. तेलाचा थेंब आत शिरला नव्हता. खळीने आणि मेणाने त्याला आत येऊच दिलं नव्हतं. असला निसरडा पट्टा फिरत्या पिंपाला काय धरणार?

मला ते लांबूनही दिसलं. कळलं. 'जुनी, धून धून मऊ झालेली.' त्याने का मागितली होती ते तेव्हा कळलं. 

पण सासूबाईंना त्या पट्ट्यात भलतंच दिसलं होतं. "अगं माय," त्या म्हणाल्या, "निळा काठ." त्या तरातरा कोठीत गेल्या. भेंडोळं उलगडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कात्रीने सरळ कापलेलं टोक होतं. त्यांनी म्हातारीकरवी ते ओसरीवर पाठवलं.

मामाजींनी दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली. मग अगदी शांतपणे विचारलं, आणि त्यांचा शांत आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असायचा. "हे नवार तुह्याजोळ कशी आली?"

ड्रायव्हरने चिंधी खाली ठेवली.

"पोरीच्या आंदनाची नवार. कोठीतली. कोठीत कसा गेला तू?"

"कोठीत नाई गेलो मालक."

"मंग कोनं देल्ली?"

तो तेलाचे हात तसेच पुढे धरून उभा होता. म्हातारीने लगेच शपथ घेतली, मी नाही दिली, मी तर नदीवर होते. ओसरीवरचा एकजण म्हणाला, चोराला घरातच ठेवलं होतं की. गोठ्याकडे त्याची बायको दारात आली होती, कडेवर धाकटी मुलगी. तिने पदर तोंडाला लावला.

त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं: बाईसाहेबांनी दिली. तो बोलला असता तर सुटला असता, आणि मी अडकले असते. देशमुखांची सून दुपारच्या वेळी, घर झोपलेलं असताना, परसदारात गड्याशी बोलली. गावाने त्याचं काय केलं असतं ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. म्हणून तो बोलत नव्हता. एकदाही त्याने जाळीकडे नजर टाकली नाही. चोर म्हणून या घरातून निघाला असता तर चिखलीपासून बुलडाण्यापर्यंत कोणी त्याला बैल राखायलासुद्धा ठेवलं नसतं.

"बोलत नाई? मंग जा," मामाजी म्हणाले. "दिवस बुडाच्या आत खोली रिकामी कर."

त्याने वाकून मामाजींच्या पायांना दुरूनच हात जोडले आणि घोंगडीवरचे नट-बोल्ट आवळायचे पाने गोळा करायला लागला. एकेक पुसून, ज्याच्या त्याच्या जागी. मला आजही सगळ्यात जास्त आठवतं ते हेच, की तो पाने पुसत होता.

मला भीती वाटत होती. धैर्यबिर्य काही नव्हतं. पण मला स्वतःचा इतका राग आला होता, की तो भीतीला पुरून उरला. दुखणं मी केलं, दुखणं मी शोधलं, झाकण मी उघडायला लावलं, आणि बिऱ्हाड त्याचं चाललं होतं. मी पदर कपाळाखाली ओढला. सासूबाई "काऊन वं, कुठी चालली?" म्हणेपर्यंत मी माजघराचा उंबरा ओलांडून ओसरीच्या दारात उभी होते.

मी त्या घरची बोली बोलायची नाही, बुलडाण्याच्या मास्तरांचं मराठी बोलायची; पण त्या दिवशी तोंडातून तीच बोली निघाली. "मामाजी, नवार म्या देल्ली."

ओसरीवरची माणसं खाली पाहायला लागली. कोणीतरी उठून अंगणात उतरला.

"त्यानं जुनी मांगतली होती," मी थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते, म्हणून थांबले नाही. "घरातून जुनं देत नाईत म्हनून म्या कोरी देल्ली. परसदारातून. आजी नोती, म्हनून म्याच देल्ली. कोरीले खळ हाय, मेन हाय, तेल आत जात नाई, म्हनून गाडी धरत नाई. जुनी लावा, रातभर तेलात भिजवा. धरन. त्याच्याकडे काई दोष नाई."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या मोटारीकडे पाहत होते.  मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "पाने ठेव खाली. ऐकलं न? जुनी लाव."

एवढंच. मला कोणी मारलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. सासूबाईंनी दंडाला धरून मला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी कोठीतली जुनी नवार काढायला गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिले हात लावू नोको. आता देऊन राह्यली तं सोताची दे." मी माझ्या पलंगाची नवार उकलली. चार वर्षांची, दर दिवाळीला धुतलेली, मऊ. तिच्यावर मी रात्ररात्र रडलेही होते. म्हातारी ती घेऊन गेली. पुढे कितीतरी महिने मी खाली सतरंजीवर झोपले. नवी नवार मागायची माझी हिंमत नव्हती आणि द्यायची कोणाची इच्छा नव्हती.

तिसऱ्या दिवशी पट्टा बसला. मामाजींनी गाडी स्वतः बसून बाजारापर्यंत नेली आणि चढावरून सरळ, तोंड पुढे करून परत आणली. ड्रायव्हर राहिला. त्याची बायको संध्याकाळी परसदारात आली, शेणाने अंगण सारवून निघून गेली. त्याच्याशी मी त्यानंतर कधी बोलले नाही, म्हातारीकरवी सुद्धा नाही.

महिना भरला. बुलडाण्याचा दिवस आला. मी पहाटेच उठून न्हाऊन बसले होते. वडिलांसाठी शेवया बांधल्या होत्या, आणि कोणीतरी त्यांना वाचून दाखवील म्हणून एक लांब पत्रही. सासूबाई आल्या, पुरचुंडी आणि पत्र माझ्या हातातून घेतलं आणि म्हातारीकडे दिलं. "हे गाडीत ठेव. मास्तराईच्या घरी पोचतं करन डायवर." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू भाकरी टाक."

त्या महिन्यात असं झालं, पुढच्या महिन्यात असं झालं, आणि मग त्याची चालच पडली. कोणी मला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही. गाडी जायची, एवढंच, आणि मी तिच्यात नसायची. वडील वारले तोपर्यंत मी त्यांना आणखी दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा बैलगाडीतून जाऊन. पत्रं त्यांना शेजारचा कोणी वाचून दाखवायचा. माझ्यासारखं वाचता येत नाही त्याला, असं त्यांनी एकदा कळवलं होतं.

पण मी त्या पहिल्या दिवसाचं सांगत होते. मी चुलीपुढे बसले. पीठ मळलं. भिंतीपलीकडे गाडीचे पडदे कड्यांवरून सरकल्याचा आवाज आला. रिकाम्या मागच्या बाकाला कशाला पडदे, पण ते लावले. हँडल फिरलं. इंजिन लागलं. हातातली भाकरी हातातच राहिली आणि सवयीने मी मोजायला लागले. त्याने पट्टी दाबली असणार.

'एक' म्हणायच्या आत गाडी निघून गेली.